फ्लॉपीवरचं कुंकू

कुंदा,

पत्राला उत्तर द्यायची तुला सवय नाही आणि मला वेळेवर लिहायची नाही, तेव्हा कुशल विचारण्यात कागद घालवत नाही. लीलाधरभाऊंच्या इन्स्टिट्यूटमध्ये तू टायपिंग शिकवायचीस, मी शॉर्टहँड. तिथे तुझ्या बाबतीत जे झालं ते लिहून काढते आहे. तुझ्या तोंडावर सांगणं जड जातं, म्हणून पुढे तुला ‘ती’ म्हणते. चुकलं असेल तिथे काट मार.

कुंदा भंगाळे असोद्याची. १९९१ साली तेवीस वर्षांची होती, सकाळच्या एसटीने जळगावला यायची. भाऊंनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला, तो पहिले दोन महिने कापडाखालीच होता. सोबतचं जाडजूड इंग्रजी पुस्तक कुणी उघडेना. कुंदाने ते घरी नेलं, शब्दकोश शेजारी ठेवून पानापानाने वाचलं आणि एक दिवस येऊन यंत्र चालू करून दाखवलं. भाऊ म्हणाले, दिवाळीपासून कॉम्प्युटरची बॅच काढू आणि ती तूच शिकवायची. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. या एका शब्दावर तिने ती थोपवून धरली.

आणि शिकवायची कशी, तर केळीवरून. टायपिंगच्या मुली तास संपला तरी उठत नसत. ट्रक भरायचा आहे असं समजा, ती म्हणायची. घड तोडणारे आहेत, वाहणारे आहेत, ट्रक उभा आहे, पण मुकादमच आला नाही, तर सगळे बांधावर बसून राहतील. कॉम्प्युटरचा मुकादम म्हणजे डॉस. पत्र लिहायचा प्रोग्रॅम आपलं काम जाणतो, पण लिहिलेलं ठेवायचं कुठे, छापायला कधी पाठवायचं, हे मुकादमाला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. आणि हा मुकादम यंत्रात मुक्कामाला नसतो, रोज सकाळी फ्लॉपीतून यावा लागतो. लाइट गेली की पडद्यावरचं सगळं पुसलं जातं, ती पाटी. फ्लॉपीवर ठेवलं ते वहीत उतरवलेलं. एकीने विचारलं, मग यंत्राला स्वतःला काय येतं?

“मुकादमाला हाक मारता येते,” कुंदा म्हणाली. “बाकी ठार अडाणी.”

फ्लॉपी म्हणजे काळं चौकोनी पाकीट. त्याला एक लांबट खाच, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसायची. बोट लागलं की चकती वाचता येत नाही, म्हणून त्या खाचेला बोट लावलं तर कुंदा मुलींना उठवून उभं करायची. डॉसच्या फ्लॉपीची तिने एक नक्कलही करून ठेवली होती. ती असोद्याला घरी ठेवते म्हणाली, तर भाऊ म्हणाले, इन्स्टिट्यूटची वस्तू उंबऱ्याबाहेर जायची नाही. म्हणून अस्सल आणि नक्कल, दोन्ही टेबलाच्या एकाच खणात.

दसऱ्याला यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी तिने सगळं पुसलं आणि भाऊंना बजावलं, कॉम्प्युटरच्या डब्याला गंध लावा, फूल ठेवा, खण मात्र उघडू नका. भाऊंनी मान हलवली. दसऱ्याला ती गावी होती. भाऊंनी पंधरा टाइपरायटरना हळदकुंकू वाहिलं आणि कॉम्प्युटरपाशी येऊन थांबले. मुकादम पाकिटात बसतो म्हणते ना बाई, मग रिकाम्या डब्याची पूजा करून काय मिळणार, असं म्हणत त्यांनी खण उघडला. खाचेतून दिसणारी ती तपकिरी चकती, तीच खरी वस्तू म्हणून ओल्या कुंकवाचं बोट नेमकं तिथे टेकवलं. दुसरी नाराज नको म्हणून तिलाही. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी कुणालाही सांगेन.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता धुळ्याच्या एका मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या सुनंदाबाई येणार होत्या. त्यांना पटलं असतं तर दिवाळीच्या सुट्टीत तीस मुली कुंदाच्या हाताखाली आल्या असत्या. कुंदा नऊलाच आली. बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं की ही फ्लॉपी चालत नाही, दुसरी घाला. दुसरी घातली, पुन्हा तेच. मग तिने खाचेत पाहिलं.

ती फ्लॉपी घेऊन भाऊंकडे गेली. नवीन मागवावी लागेल, पाहुण्यांना खरं सांगू, पूजेत झालं म्हणू, आठ दिवसांनी या म्हणू, असं तिने सुचवलं.

“मी बोलतो,” भाऊ म्हणाले. “तू कशाला काळजी करतेस?”

तिने विश्वास ठेवला. पदर नीट करून खुर्चीत बसली.

सुनंदाबाई आल्या, चहा आला. भाऊ हसत म्हणाले, “आमच्या कुंदाबाई असोद्याच्या. फार श्रद्धाळू. दसऱ्याला फ्लॉपीलाच कुंकू लावून बसल्या.”

सगळे हसले. सुनंदाबाईही हसल्या, मग हलकेच विचारलं, “तुम्हीच शिकवणार होतात का?”

कुंदाने भाऊंकडे पाहिलं. भाऊ बशीत चहा ओतत होते.

“नाही,” ती म्हणाली. “मी टायपिंग शिकवते.”

दिवाळीनंतर भुसावळहून एक मास्तर आले. तिच्याच टिपणांवरून शिकवायचे, मुकादमासकट. महिनाअखेर तिने इन्स्टिट्यूट सोडलं. यावलला लग्न झालं, तिथल्या एका शाळेत कारकून झाली. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, येतो का? तिने आपला टाइपरायटरच राहू द्या म्हणून सांगितलं.

इन्स्टिट्यूट सोडलं त्या दिवशी मी तिच्यासोबत स्टँडवर गेले होते. एसटी लागली तेव्हा ती घरच्या बोलीत म्हणाली, “अक्का, भाऊची माफी मले नको. तुमी धुळ्याले जाता, तं त्या बाईंले एवढंच सांगा, का दसऱ्याले मी असोद्याले होती.”

सांगते म्हणाले. धुळ्याला माझी बहीण त्या कॉलेजपासून चार घरांवर राहायची आणि मी दर महिन्याला जायचे. भाऊंकडची माझी नोकरी चालू होती. सुनंदाबाई सात वर्षांत दोनदा भाजीबाजारात समोर भेटल्या, ओळखून थांबल्या. दोन्ही वेळा मेथीचा भाव बोललो आणि मी जुडी घेऊन बहिणीकडे गेले.