सुकलेला पाला

सोपान सुट्टीवर आला तो जुनी गोणपाटं मागतच. त्याची बायको वैजयंती आणि तिची सासू साळुबाई ओट्यावर बसून ती उसवायच्या आणि सोपान ते धागे जुन्या वर्दीवर गाठी मारून लावायचा. स्नायपरच्या ट्रेनिंगला झाडोऱ्यात लपायचा हा कोट ज्याचा त्यानेच करायचा असतो, म्हणाला.

"बुजगावण्याशी लगीन लागलं गं बया तुझं," साळुबाई सुनेला म्हणाल्या.

शेवटच्या परीक्षेत उस्ताद दुर्बीण घेऊन बसणार. सोपानने सरपटत जवळ जायचं, नेम धरायचा, पण दिसायचं नाही. पास झाला तर सीमेवरची चौकी. तिथे बायकोला नेता येत नाही. नापास झाला तर परत पलटणीत, आणि पलटण आता शहरात होती. तिथे क्वार्टर मिळाला असता. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि वैजयंती बोरी बुद्रुकमध्येच होती.

"तू बांधावर हुबी ऱ्हा. दिसलो की हाक मार," म्हणून तो पडीक रानात शिरला.

तो तिला लगेच दिसला. कोटात खोवलेल्या घाणेरीच्या पाल्याने उन्हात माना टाकल्या होत्या. भोवतीची घाणेरी ताठ होती. रोज चारा कापणारी बाई ती. तोडलेलं कुठलं, उभं कुठलं, ते तिला शोधावं लागत नाही.

तिने हाक मारली नाही. शेवटी तोच समोर उठून उभा राहिला.

"दिसलो?"

"न्हाई. कुटं व्हता तुमी?"

तो हसला. लग्नातसुद्धा इतका हसला नव्हता.

परीक्षेनंतर त्याचा फोन आला. "गेलो. उस्तादानं सरळ माझ्याकडंच बोट केलं. पाला सुकला व्हता."

"बरं."

"क्वार्टरचा अर्ज टाकतो."

"बरं," ती म्हणाली.

क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या. नळाला दिवसभर पाणी. सोपान स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजायचा आणि संध्याकाळी येऊन खुर्चीत बसून राहायचा. टीव्ही लावला तर बघायचा, बंद केला तरी तिकडेच बघायचा.

एकदा ती सकाळी आणलेली मेथी निवडत होती. त्याने एक काडी उचलली. पानं खाली लोंबत होती. तो बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिला.

"तुला दिसलो व्हतो मी."

ती पानं खुडत राहिली.

"चहा ठेवू?"

"ठेव," तो म्हणाला.