घड्याळाचं शहर की पाण्याचं

मुलीचा जर्मनीहून फोन आला आणि अख्खं बोईसर हादरलं. बोईसर म्हणजे आमची बिल्डिंग, कंपनीची बस आणि नाक्यावरचा वडापाववाला. माझ्या हिशेबात तेवढं पुरतं. तिच्याकडे राहायला जायचं ठरलंच होतं. त्यातले चार दिवस तिनं आम्हा नवरा-बायकोला मोकळे दिले होते. "प्राग किंवा व्हेनिस, एकच जमेल. दोघांनी मिळून ठरवा. बाबांनी एकट्यानं नाही."

बाबांनी, म्हणजे मी, फोन ठेवायच्या आत एकट्यानं प्राग ठरवलं. त्याला कारण होतं.

बायको तारापूरच्या बाजूची, समुद्राला टेकून असलेल्या मच्छीमार गावातली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, त्या पावसाळ्यात एका रात्री उधाणानं तिच्या वडलांचं घर नेलं. तेव्हापासून ती किनाऱ्यावर गेलेली नाही. त्या रात्रीबद्दल एक अक्षर बोललेली नाही. अशा बाईला व्हेनिसला न्यायचं? जिथं समुद्र उंबऱ्याउंबऱ्याला लागून गल्लीबोळांतून हिंडतो? जुन्या जखमेवर खारं पाणी ओतायला विमानानं जायचं, असलं मला पटेना. त्यात मी घाटावरचा. विहिरीतसुद्धा कमरेला दोर बांधून उतरलेला.

मग मी प्रागचा प्रचार सुरू केला. "तिथं चौकात एक घड्याळ आहे," मी बसमध्ये सांगितलं, "तास झाला की त्यातून बारा संत बाहेर येतात, खाली उतरून चहा घेतात आणि वेळेवर परत आत. आपल्या जनरल शिफ्टपेक्षा वक्तशीर." सरावलीचा थांबा येईपर्यंत संत बिड्या ओढायला लागले होते.

मागच्या सीटवरून आमचा बॉयलरवाला ओरडला, "साहब, भाभी को वेनिस ले जाओ, नाव में बिठाओ! घड़ी तो गेट पर रोज देखते हो!"

बस हसून इतकी हलली की ड्रायव्हरनं उतरून टायर तपासले.

घरी बायको सुके बोंबील साफ करत होती. मी तिथंही संत उतरवले. "आणि नदी आहे बरं का, पण शिस्तीची. काठ सोडत नाही."

"अवो, किती वेळा सांगाल? आता त्या संतांनी भांडीपण घासली असतील." ती उठली, हात धुतले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "पोरीला सांगा, दत्तजयंतीला पोचायला पायजे. पौर्णिमा. दुसऱ्या दिवशी पाणी मोठं."

"कुठलं पाणी?"

"व्हेनिसचं."

मी समजावलं की तो समुद्र वेगळा, आपल्या तिथी तिथं चालत नाहीत.

"तिथं चंद्र दुसरा हाय का?"

हा प्रश्न बिल्डिंगमध्ये अजून सांगितला जातो. तिच्या गावात होडीची वेळ आजही तिथीवरून धरतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास पाणी नरम, त्याला भांग म्हणतात. मी शेवटचा प्रयत्न केला. "मग भांगाला जाऊ की."

"बांधून ठेवलेला वाघ बघायला एवढ्या लांब नाय जायचं." मग म्हणाली, "आमच्यात पाणी शिरलं तवा आमी पळालो. तिथली माणसं शेकडो वर्सं ऱ्हायलीत. पाणी आल्यावर ती काय करतात, ते मला बघायचंय. प्रागला तुमी परत जा, संतांना भेटायला."

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हेनिसच्या मोठ्या चौकात उभे होतो. पाणी लाटेनं येईल म्हणून मी आधीच एक खांब धरून ठेवला होता. ते लाटेनं आलंच नाही. फरशीच्या फटींतून, गटाराच्या जाळ्यांतून, आवाज न करता वर आलं. आधी नाण्याएवढा चकाकता ठिपका, मग परातीएवढा, मग त्यात अख्खा मनोरा उलटा उभा राहिला, त्यामागे देवळाचे घुमट, त्यामागे आभाळ. बघता बघता एका शहराची दोन शहरं झाली. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट दसपट करून सांगितली. हे दसपट कसं करायचं, मला कळेना.

कोणी पळालं नाही. एक म्हातारी रबरी बूट घालून भाजीची पिशवी घेऊन पाण्यातून गेली. दुकानदारानं खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर ठेवला आणि दारात एक आडवी फळी सरकवली. चौकटीला त्यासाठी खोबण्याच केल्या होत्या.

बायकोनं त्या फळीकडे बोट केलं. "आमच्या बाबांनी गोण्या लावलेल्या," ती म्हणाली. "वाळूच्या."

तिनं बूट-मोजे काढून माझ्या हातात दिले, साडी वर खोचली आणि त्या बर्फगार पाण्यात उतरली. ओंजळ भरून कपाळाला लावली. जिभेवर बोट टेकवलं. "खारट हाय. या, खोल नाय."

मी खांब सोडला.

घोटाभर पाण्यात उभी राहून ती सांगत राहिली. आधी तांब्या तरंगला, मग पाट. आई देव उचलत होती. बाबा दारात उभे राहून समुद्राला शिव्या घालत होते, नाव घेऊन, घरातल्या माणसाला घालाव्यात तशा. "मला सातवा महिना, मी माळ्यावर," ती म्हणाली, "वरून सगळं दिसत होतं."

माझे पाय बधिर झाले. मी तिचे बूट काखेत मारले आणि विचारलं, "मग?"