पितळी खुंटी

माझ्या साडूला हुंग्या हे नाव मी ठेवलं. बंद पडलेला कॉम्प्युटर समोर आला की हा आधी मीटर हातात घ्यायचा नाही. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर वाकायचा आणि दूध करपलंय का बघावं तसा वास घ्यायचा. नाव ठेवलं ते त्याला टोचावं म्हणून. झालं भलतंच. सासऱ्यांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्याला लाडानं हुंग्या म्हणायला लागले. सासरे मला 'अहो जावईबापू' म्हणतात आणि त्याला 'अरे हुंग्या'. मान माझ्या वाट्याला आला, माया त्याच्या.

दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांचं, आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणतो. थोरला जावई म्हणून मी आधी आलो, तो कानामागून आला आणि तिखट झाला. बरं, राग यावा असं काही वागेल तर शपथ. दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसतो, रंगाच्या ब्रशनं बोर्डावरची धूळ झाडतो, आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "शेवटचा नीट चालला तेव्हा काय करत होतात?" माणसं त्याला कॉम्प्युटरचं सांगता सांगता सुनेचं, गुडघ्याचं, सगळं सांगून मोकळी होतात. माझ्याकडे येतात ती फक्त "कधी मिळेल?" एवढं विचारायला.

सासऱ्यांचे डोळे साथ देईनात तेव्हा त्यांच्या खुर्चीचा प्रश्न निघाला. भिंगाच्या दिव्याखालची ती खुर्ची म्हणजेच दुकान. जो तिथे बसेल तो पुढचा मालक, हे कुणी बोललं नव्हतं, पण बोलायची गरजही नव्हती. आमच्या घरात जेवताना एकदा मी म्हणालो, "ती खुर्ची त्यालाच मिळणार, बघ." बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही एवढे जळता ना त्याच्यावर, त्याच्या नाकाला घरबसल्या वास येत असेल." स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याची बाजू घ्यायला तिला निमित्त लागत नाही.

अशात छापखानेवाला त्याचा जुनापुराणा कॉम्प्युटर घेऊन आला. कागद कापायचं त्याचं यंत्र त्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं, कारण यंत्राचं कार्ड नव्या बोर्डात बसतच नाही. तो सासऱ्यांचा लहानपणापासूनचा मित्र. सासरे आम्हा दोघांकडे बघत म्हणाले, "हा चालू झालाच पाहिजे." हुंग्या स्टुलावरून उठायच्या आत मी कॅबिनेट उचलून माझ्या टेबलावर ठेवलं.

खोटं कशाला बोलू, काम मी जीव ओतून केलं. बोर्ड बाहेर काढला, पुठ्ठ्यावर ठेवला. रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासून चकचकीत केल्या, सेल बदलला, फुगलेले कॅपॅसिटर काढून नवे लावले. बटण दाबलं. पंखा फिरला आणि छोट्या स्पीकरमधून एकच बारीक बीप आला. जुन्या बोर्डाचा एक बीप म्हणजे सगळं ठीक. "लागला," मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की शेजारच्या दुकानदारानं डोकं आत घातलं. सासऱ्यांनी पाठ थोपटली. छापखानेवाल्याला सकाळी यायचा निरोप गेला. मी मुद्दाम हुंग्याकडे बघितलं. तो मनापासून हसत होता, आणि तेच मला खुपलं.

मग बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला आणि बटण दाबलं. पंख्यानं अर्धा फेरा घेतला आणि गप्प. बाहेर काढला की चालतो, आत बसवला की मेला. बाहेर शहाणा, घरात वेडा. संध्याकाळपर्यंत तेच. शेवटी झाकण लावलं, "सकाळी एकदा तपासून देतो," असं म्हणालो आणि घरी गेलो. हुंग्याला विचारायचं? त्यापेक्षा दुकान सोडलेलं परवडलं.

सकाळी मी पोचलो तेव्हा छापखानेवाला आणि सासरे दोघे माझ्या टेबलाशी उभे. हुंग्या स्टुलावर पाठमोरा, कुठला तरी कीबोर्ड पुसत होता. पळवाट नव्हती. मी बटण दाबलं. पंखा फिरला, बीप आला, पडद्यावर अक्षरं उमटली. छापखानेवाल्यानं माझे दोन्ही हात धरले. सासऱ्यांनी त्याच दिवशी मला खुर्चीत बसवलं आणि दिव्याची दांडी माझ्या उंचीला केली.

दुपारी मी माझं जुनं टेबल आवरायला घेतलं. तिथे स्क्रूंसाठी लोहचुंबकाची वाटी असते. वाटी कलती केली तरी स्क्रू तिला चिकटून राहिले, एकच तुकडा घरंगळून खाली पडला. पितळी खुंटी. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ती हातात घेतली आणि सगळं लख्ख समजलं.

मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली या खुंट्या लावतात. पण पत्र्याला भोकं जास्त असतात, वेगवेगळ्या मापांच्या बोर्डांसाठी. म्हातारा बोर्ड हलू नये, भक्कम बसावा, म्हणून मी शहाण्यानं प्रत्येक भोकात खुंटी बसवली होती. बोर्डाला जिथे भोकच नाही तिथली खुंटी खालून त्याच्या सोल्डरच्या ठिपक्यांना टेकत होती. शॉर्ट. माझ्याच हातानं.

"ही तू काढलीस?" मी हुंग्यासमोर मूठ उघडली.

तो वर बघून हळूच म्हणाला, "पंखा अर्ध्यात थांबत होता ना, दादा. काल ऐकू येत होतं इथपर्यंत."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही सगळ्यांसमोर 'लागला' म्हणाला होतात."

"आणि मामांना?"

"त्यांना काय सांगायचं? बोर्ड तर तुम्हीच चालू केलात. मी फक्त एक खुंटी काढली." एवढं बोलून तो कीबोर्ड पुसायला लागला.

त्यानं चारचौघांत माझं नाक कापलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याच्यावर उघड चिडता आलं असतं. खुर्ची मिळाली तीही त्याच्या हातची. तिच्यात बसून मी दिवसभर त्याची पाठ बघतो. माणसं दारातून येतात, माझ्यासमोरून जातात आणि विचारतात, "हुंग्या आहे ना?"

परवा तो चहाला गेला होता, सासरे घरी. टेबलावर एक बंद बोर्ड होता. मी दाराकडे बघून घेतलं, दिवा बाजूला केला, वाकलो आणि नाक अगदी जवळ नेऊन श्वास घेतला. धुळीचा वास आला. पुन्हा घेतला. धूळच.

मान वर केली तर तो दारात उभा. हसला नाही. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला आणि खरोखरच्या उत्सुकतेनं त्यानं विचारलं, "काय येतंय, दादा?"

"सर्दी झालीये मला," मी म्हणालो.