रिकाम्या खुर्चीतली कंपनी

बालाघाटच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कंपनीचा आयकर मला शिकवला तो तिथल्या एका जुन्या कारकुनांनी. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. कायद्यात कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती असते, हे काही मला उमजेना. तेव्हा त्यांनी टेबलापाशी एक रिकामी खुर्ची ठेवली. "ही कंपनी. मालक येगळा, ही येगळी." उन्हाळ्यात पंखा ते तिच्याकडेही वळवत.

एकदा वारासिवनीच्या राइस मिलवाल्या सेठजींनी गोड बोलून मुलीच्या लग्नाचा मांडव कंपनीच्या खर्चात लिहायला सांगितला आणि मी लिहिला. विवरणपत्र भरायच्या आदल्या दिवशी कारकुनांनी तो पकडून खोडला. आता माझी नोकरी जाणार, असंच मला वाटलं.

सेठजी चिडले, "काहून काढला?"

"लगन तुमच्या पोरीचं होतं, सेठजी. इचं अजून व्हायचं हाय," खुर्चीकडे बोट दाखवत ते म्हणाले. आमच्या सल्लागार साहेबांना मात्र त्यांनी सांगितलं, "चूक माह्या हातून झाली."

मी कारकुनांची माफी मागू लागले.

"मले काहून वं पोरी? तिले माग."

मी त्या खुर्चीला हात जोडले. त्यानंतर ती मला कधी रिकामी दिसली नाही.