आधी आणणाऱ्याची मान

लोक कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जातात, तांबडा-पांढरा (मटणाचे दोन रस्से, एक तिखटजाळ आणि एक सौम्य) ओरपायला जातात, गेलाबाजार चपला घ्यायला जातात. मी मान बसवून घ्यायला गेले. नाशिकहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "देवीला का?" दादा म्हणाला, "हो." मीही मान डोलावली, कारण तालमीत चाललोय असं काठी टेकत सांगणं जरा अवघडच होतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. वर्गात पोरांना सातही खंड फिरवून आणणारी ही बाई स्वतः मात्र बरीच वर्षं घर, शाळा आणि एमआरआयचं यंत्र यांच्याच फेऱ्या मारते आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस, आहे. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खायला लागतात. उंदरानं वायर कुरतडली की दिवा कसा मधेच लागतो, मधेच जातो, तसा माझा डावा पाय चालतो. सहा महिन्यांनी एकदा हॉस्पिटलात जाऊन सलाइनमधून औषध घ्यायचं. त्यानं आजार जात नाही, पण पुढे सरकायला जरा बिचकतो.

आजार दिसत नसला की त्याच्यावर सल्ला द्यायला सगळे मोकळे असतात. मला तांब्याचं कडं मिळालं, काढे मिळाले, मधमाश्या चावून घ्यायचा आग्रह झाला. हे सगळं मी हसून परतवलं. दादाला मात्र परतवता आलं नाही.

मी बारावीत असताना दादा मला स्कूटरवरून क्लासला सोडत असे. एकदा वळणावर वाळू होती, गाडी घसरली. दादाचे गुडघे फुटले आणि माझ्या मानेला हिसका बसला. काही दिवस पट्टा लावला, मान बरी झाली, मी विसरूनही गेले. दादा विसरला नाही. त्या दिवसापासून त्यानं मला कधीही गाडीवर मागे बसवलं नाही. बहिणीसाठी रिक्षा, म्हणजे रिक्षाच. पुढे कैक वर्षांनी माझ्या आजाराचं निदान झालं, आणि अलीकडे त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. परदेशातला एक गोरा माणूस हसत हसत सांगत होता, की जुन्या मारानं मानेचा पहिला मणका सरकतो, त्यातून एमएस होतो, आणि मणका जागेवर आणला की पळतो. दादानं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की वहिनीलाही तो पाठ झाला.

मग त्याच्या कचेरीतल्या एका कोल्हापूरकरानं वस्तादांचं नाव काढलं. शिवाजी पेठेतले वस्ताद, म्हणजे तालमीतले कुस्तीचे गुरू. पैलवानांची हाडं बसवता बसवता सगळ्या गावाची बसवायला लागलेले. पैसे घेत नाहीत, मारुतीपुढे नारळ तेवढा फोडायचा. दादानं तिकिटं काढली आणि माझं महिनाअखेरचं सलाइन हॉस्पिटलला फोन करून पुढे ढकललं. "मान बसली की लागणारच नाही, सुमे," म्हणाला. माझ्या डॉक्टरांना मी विचारलं नाही. त्यांचं उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

खरं सांगते, मलाही आशा होती. नाव घेताना जीभ अडखळते अशा आजारापेक्षा सरकलेला मणका किती बरा! त्याला जागा आहे, कारण आहे, चार लोकांना समजेल अशी गोष्ट आहे. वाळू होती, पडले, मणका सरकला. मूर्खपणा आहे हे कळत होतं आणि तरी मी बॅगेत नारळ ठेवला.

सकाळी कोल्हापुरात उतरलो. रिक्षावाल्याला दादानं तालमीचं नाव सांगितलं, तर त्यानं रस्ता विचारला नाही. आरशात माझ्याकडे बघत म्हणाला, "मान का कंबर?"

"मान," दादा म्हणाला.

"मग काय, झालंच काम तुमचं. माझ्या मेव्हण्याची बसवली की त्यांनी. वाकडा गेलता, सरळ आला. पन आदी दूध पिऊन जावा पावणं. उपाशीपोटी मान मोडून घेऊ ने."

पाहुण्याला "पावणं" म्हणायची इथली रीत आहे, आणि पाहुण्याचं काय करायचं ते यजमानानं ठरवायची दुसरी रीत आहे. त्यानं आम्हाला न विचारता गंगावेशीत नेलं. तिथे दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. मी पेला धरला. माझा हात जरा थरथरतो, त्यामुळे फेस साडीवर सांडला. गवळी म्हणाला, "ताई, रोज पिलासा तर हात हालनार न्हाय." कोल्हापुरात पाय ठेवून अर्धा तास झाला नव्हता आणि माझ्या आजारावर दुसरा उपाय सापडला होता. दूध मात्र फार चांगलं होतं. मी आणखी एक पेला घेतला.

मिसळ खाऊन (नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि दादा म्हणतो, "रक्ताभिसरण सुधारतं") शिवाजी पेठेत पोहोचलो. अरुंद गल्ली, भिंतींवर फुटबॉल संघांचे रंग आणि एकमेकांना दिलेली आव्हानं. तालमीच्या दारातून तांबड्या मातीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, दिसत होता. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या त्या मातीचा वास गल्लीपर्यंत येत होता. मी आत डोकावले, तर दारातले एक गृहस्थ नम्रपणे आडवे आले. "बायामानसं आत येत न्हाईत. तुमचं भाईरच बगत्यात."

बाहेर म्हणजे तालमीच्या कट्ट्यावर. माझी तपासणी अख्ख्या पेठेसमोर होणार होती. नाशिकच्या डॉक्टरांकडे पडदा ओढतात. इथे पडदा तर नव्हताच, उलट आणखी दोन खुर्च्या आणल्या गेल्या, बघणाऱ्यांसाठी.

"काय झालंय ताईस्नी?" एक जण.

"मान," दादा म्हणाला.

"हेडर मारल्याली दिसत न्हाय," दुसरा म्हणाला. कट्ट्यावर कालच्या सामन्याची चर्चा चालली होती आणि माझी मान त्यातच मिसळली गेली. डोक्यानं बॉल मारून कुणाकुणाच्या माना गेल्या याची उजळणी झाली. मी एमएस म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. सगळ्यांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी एकमतानं ठरलं, "म्हंजे मानच."

वस्ताद बाहेर आले. साठी ओलांडलेला, पण खांबासारखा माणूस, कान कुस्तीत चेंगरून गोळा झालेले. दादानं स्कूटरची गोष्ट सांगितली. सांगताना दरवेळी होतं तेच झालं, वाळूपाशी आल्यावर तो माझ्याकडे बघेनासा झाला. वस्तादांनी माझ्या मानेवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाले, "हाय. जरा गेलीया. करू की."

मी नारळ काढायला लागले, तर ते म्हणाले, "थांबा. आदी आननाऱ्याची."

मला कळलं नाही. कट्ट्यावरच्यांनी समजावलं. इथली पद्धतच आहे. जो माणूस दुखणेकऱ्याला घेऊन येतो, त्याची मान वस्ताद आधी मोडून दाखवतात. दुखणेकऱ्याची भीती जाते आणि आणणाऱ्याचा विश्वास किती आहे तेही कळतं. मला ही पद्धत मनापासून आवडली. सल्ला देणाऱ्यानं औषध आधी स्वतः प्यायचं, असा नियम देशभर असता तर माझी कितीतरी वर्षं सुखात गेली असती.

दादा चटकन खाली बसला. वस्तादांनी तेल चोळलं, हनुवटीला तळवा लावला, "सैल सोडा" म्हणाले, आणि दादानं सैल सोडायच्या आत झटका दिला. कड् असा आवाज झाला. कट्ट्यावरून "वा!" अशी दाद आली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"मस्त. हलकं," दादा म्हणाला. पण तो हे समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाला. मी त्याच्या उजवीकडे होते. माझ्याकडे वळायला गेला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"या ताई," वस्ताद म्हणाले.

मी उठले. काठी कट्ट्याला टेकवली. दादानं मान न वळवता हात माझ्याकडे केला आणि हळूच म्हणाला, "सुमे, बोटांना मुंग्या येतायत गं."

मुंग्या! इतकी वर्षं मी हा शब्द वापरत होते आणि तो "येतात कधीकधी, माझ्याही येतात" असं म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत जी भीती होती ती मी ओळखली. पहिल्यांदा माझा पाय बधिर झाला त्या दिवशीची ती भीती होती. मला त्याचा राग येत होता, आणि त्याचा तो हात मी घट्ट धरलाही होता.

"मला नाही करायचं," मी वस्तादांना सांगितलं. "याला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता."

कट्ट्यावर एकदम सगळं हललं. कुणी रिक्षा अडवली, कुणी पुढे मोटरसायकल काढली, कुणी माझी काठी आणून दिली. वस्ताद कुरकुरले, "म्या जोर न्हाय लावला. मान कडक हाय पावण्यांची," पण सगळ्यांच्या आधी रिक्षात तेच बसले. वाटेत दादाचं डोकं दोन्ही हातांनी धरून होते, अंड्यांची टोपली धरावी तसं.

दवाखान्यात नर्सनं माझी काठी पाहिली आणि चाकाची खुर्ची माझ्यामागे आणून लावली. "मी नाही, हे," म्हटल्यावर तिला पटेना. तेवढ्यात शेजारच्या दारातून फिजिओथेरपीची मुलगी बाहेर आली आणि वस्तादांना बघून म्हणाली, "वस्ताद, आज कसं काय? तुमच्या मानेचा व्यायाम उद्या हाय न्हवं?"

वस्तादांनी पागोट्याचं टोक उगाच सारखं केलं. "पावण्यांबरूबर आलोय," म्हणाले. मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. वस्तादही हसले. सबंध सकाळीत आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

फोटो काढले, तपासण्या झाल्या. दुपारी तरुण डॉक्टरीणबाई आल्या. दादाचे स्नायू आखडले होते, नस दबली होती. पट्टा, गोळ्या, विश्रांती. "नशीब समजा," त्या म्हणाल्या. "अशा झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटते कधीकधी. आणि यांची मान तर मुळीच कुणाच्या हातात देऊ नका." वस्तादांना दाखवायला आणलेली माझी फाइल त्यांनी वाचली होती.

दादा पलंगावर पट्टा लावून छताकडे बघत पडला होता. त्यानं छतालाच विचारलं, "डॉक्टर, लहानपणी स्कूटरवरून पडून मानेला हिसका बसला, तर पुढे हा आजार होतो का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "त्या पडण्यानं झाला असं म्हणायला काही आधार नाही."

"मग कशानं झाला?"

"नक्की एक कारण कुणालाच सांगता येत नाही."

त्या गेल्या. दादाच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं आणि पट्ट्यामुळे त्याला तोंड फिरवता येत नव्हतं. मी माझ्या पदरानं पुसलं. इतकी वर्षं हा माणूस माझा आजार स्वतःच्या नावावर घेऊन फिरत होता, आणि व्हिडिओतल्या गोऱ्यावर त्याचा विश्वास होता तो एवढ्याचसाठी, की बिघडवलं त्यानं, तर दुरुस्तही त्यालाच करता आलं असतं. आज तो सुटला. मला बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं. त्याची सुटका झाली, पण माझी वाळू गेली. आता माझ्याकडे नुसताच आजार उरला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन मी नाशिकला फोन केला आणि सलाइनची तारीख पुन्हा महिनाअखेरची करून घेतली.

परतताना स्टँडवर वस्ताद आणि कट्ट्यावरची तीन-चार मंडळी हजर होती. कुणी गुळाची ढेप आणली होती, कुणी कांदालसणाची चटणी. माझा नारळ वस्तादांनी परत दिला. "काम झालं न्हाय, तर नारळ कसा घ्यायचा?" म्हणाले. बसमध्ये बॅगा मी चढवल्या. एका बाईनं दादाला जागा दिली आणि मला म्हणाली, "यांना सांभाळून न्या हं." अशी सूचना मला कित्येक वर्षांत कुणी दिली नव्हती. मी ताठ बसून सांभाळून नेलं.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "झालं का दर्शन?" मी म्हटलं, "झालं." दादाच्या पट्ट्याकडे बघून त्यांनी पुढे विचारलं नाही.

महिनाअखेरीला दादाचा पट्टा निघाला होता. सलाइनच्या दिवशी सकाळी मी रिक्षाची वाट बघत फाटकात उभी राहिले, तर तो वहिनीची स्कूटर घेऊन आला. दोन हेल्मेटं होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस."

मी काठी मध्ये आडवी धरून बसले, बारावीनंतर पहिल्यांदा. तो इतका हळू चालवत होता की सायकली पुढे जात होत्या. कॉलेजच्या वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर आली होती. दादानं गाडी थांबवली, उतरला, आणि मला तशीच बसवून, दोन्ही हातांनी गाडी धरून, हळूहळू ढकलत वाळू पार केली. मागून लोक हॉर्न वाजवत होते.

पलीकडे गेल्यावर त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. थोडी दुखली असावी, पण वळली.

"बरी आहेस ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चल, उशीर होतोय."

तो हसला आणि त्यानं गाडी सुरू केली.