गटारात उभा केलेला बडग्या

माही पोट्टी गटारात पडली नाई, पडता पडता वाचली, पन माह्या डोळ्यासमोर ती रोज पडते. मी चौथीपावेतोच शिकली, तरी लिहून राहिली, कारन त्या मेंबरचं तोंड मले विसरता येत नाई अन् विसराचंबी नाई.

आमच्या उंबरठ्याच्या म्होरंच गटाराची चेंबर आहे. तिचं लोखंडी झाकन कोनीतरी भंगारात इकाले चोरून नेलं. आमी कमेटीत सांगतलं. महापालिकेले आमच्याकडं कमेटीच म्हनते. कमेटीची मानसं आली, झाकन नाई आनलं, बाभळीची काटेरी फांदी त्या भोकात उभी खोचली, शेंड्याले लाल चिंधी बांधली, धोका आहे म्हनून, अन् गेली. झालं त्याईचं काम.

आता नुकत्या चालाले लागलेल्या लेकराले लाल चिंधी म्हनजे काय धोका वाटन? तिले ते खेळनं वाटलं. मी चुलीवर भाकर टाकली, मागं पाह्यलं त पोट्टी नाई. धावली. चिंधी तिच्या मुठीत, पाय भोकात, अन् झबलं काट्यात गुतलं म्हनून लटकलेली. खाली काळं पानी सरसर वाहून राहिलं होतं. मी ओढलं तिले, काटे तिच्या गालात शिरले, फाटला गाल, तरी ती रडे ना. माहा जीवच गेला. मंग रडली. मी तिच्याहून मोठ्यानं रडली.

तशीच, पायात चप्पल नाई, डोक्यावर पदर नाई, पोट्टी काखेत, मी मेंबरच्या घरी गेली. मेंबर म्हनजे आमच्या वार्डाचा नगरसेवक, चौकात त्याचं माडीचं घर. त्याच्या फाटकासमोरच्या चेंबरवर सिमेंटचं पक्कं झाकन, वरून ट्रक गेला तरी हालनार नाई असं. मेंबर ओसरीत खुर्चीवर बसून दाढी करून घेत होता. अर्धं तोंड साफ, अर्ध्यावर साबनाचा फेस. बाजूले त्याची मानसं चहा पिऊन राहिली होती.

"काय झालं वं?"

"साहेब, पोट्टी... ते गटार... झाकन नाई, चिंधी धराले गेली..." माह्या तोंडातून एक वाक्य धड निघे ना, दम लागला होता, अन् मोठ्या मानसापुढं मी कधी बोललीच नोती.

"झाकनाचा स्टॉक नाई," मेंबर म्हने. "आला की लावू. तवर पोट्टीले बांधून ठेवत जा. घरी खुंटा नाई काय?"

सगळे खिदळले. एक जन म्हने, "म्हशीचं दावं देऊ काय बाई? आमच्या गोठ्यात पडून आहे." मेंबरले असं हसू आलं की तोंडावरचा फेस उडाला अन् माह्या पोट्टीच्या फाटलेल्या गालावर येऊन पडला. तिले झोंबला. ती किंचाळली. त्यानं पाह्यलंबी नाई, न्हाव्याकडं गाल केला.

दुसऱ्या दिवशी कमेटीची मानसं आली. फांदी नवी, चिंधी नवी.

आमचे हे मिलमधून आले, त्याईले सांगतलं. हे म्हने, "जाऊ दे नं. आपली झोपडी पट्ट्याची नाई, जागेचा सरकारी कागद नाई. त्यानं मनात आनलं त उद्या उठवते." खरं होतं ते. मलेबी भेव होतं. म्हनून मी काय केलं, भाकरी टाकताना पोट्टीले खरंच बांधाले लागली, दोरीनं, खाटेच्या पायाले. पहिल्यांदा बांधली तवा तिनं वासरासारखी दोरी ओढून पाह्यली, अन् मंग माह्याकडं पाह्यलं. 

अन् पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत, म्हनजे राक्षसिनीचा मोठा पुतळा, निघते, तिच्यासंग बडगे. ज्याचा राग आला त्याचा कडब्याचा, बांबूचा बाहुला कराचा, तो बडग्या. रस्त्यानं मिरवाचा, शिव्या द्याच्या, अन् वस्तीबाहेर नेऊन जाळाचा, की त्याच्यासंग ईडा-पीडा जाते. आमच्या गल्लीतले पोट्टे दरसाल महागाईचा बडग्या करत.

माही शेजारीन भाजी इकते, तोंडाची फटकळ आहे. तिनं पोट्ट्याईले इचारलं, "यंदा कोनाचा रे?"

"महागाईचाच नं, काकू."

"महागाई काय तुमच्या दारात तोंड वासून बसली काय बे? जे दारात आहे त्याचा करा!"

बडग्याचं तोंड मी केलं. पोत्यावर कोळशानं डोळे, मिशा, अन् अर्ध्या गालावर कापूस चिकटवला, फेसावानी. गळ्यात दोरी बांधली. पोट्टे पाहूनच लोळले, "अबे, मेंबर होय हा!" कोनालेच सांगा लागलं नाई.

मिरवनूक निघाली. "ईडा, पीडा, गटाराची भोकं घेऊन जा गे मारबत!" मीबी वरडली, घसा बसेपावेतो. वाटलं, आता मेंबरचं तोंड काळं ठिक्कर पडन.

त मेंबर फाटकात हसत उभा! हातात झेंडूचा हार. त्यानं आपल्याच बडग्याच्या गळ्यात घातला. "माह्याहून देखना केला बे! दाढी अर्धीच काहून केली, न्हावी पळाला काय?" पोट्टे हसले. मंग त्यानं सगळ्याईले चिवडा वाटला, अन् माह्या गल्लीतले पोट्टे, चिवडा खात खात, मेंबरच्या नावाचा जयजयकार कराले लागले. माह्या पोट्टीचा फाटलेला गाल त्यानं मूठभर चिवड्यात मिटवला.

पोट्टे बडग्या जाळाले नेऊन राहिले होते. मी आडवी झाली.

"जाळाचा नाई."

"काहून वं वहिनी? आज नाई जाळला त ईडा-पीडा इथंच राह्यते."

"राहू दे. ज्याची आहे त्याच्यापाशी राहू दे."

मी अन् शेजारनीनं बडग्या उचलला, हारासकट, गल्लीत आनला. फांदी काढून फेकली अन् त्या भोकात बडग्या उभा केला. छातीपावेतो आत, हात रस्त्यावर टेकलेले, बुडून राहिलेल्या मानसावानी.

मंग त्याच्याजवळ कोनी जाये ना. लेकरंबी दूर पळे. मेंबरचा मानूस सायकलवर आला, तोच, दावं देनारा. "काढ तो, नाईतर झोपडी उठवतो तुही."

मी म्हनलं, "तुमीच काढा नं. लावा हात."

त्यानं हात पुढं केला अन् मागं घेतला. न जाळलेल्या बडग्याले हात लावला की ईडा-पीडा आपल्या घरी येते, हे त्यालेबी ठाऊक. कमेटीची मानसं आली, तेबी म्हने, "आमाले लेकरं आहे बाई."

पावसाचं पानी आलं. कापूस भिजून गालावरून लोंबाले लागला. कावळे डोक्यावर बसून तो कापूस उपसाले लागले. ते मेंबरच्या मायच्या कानी गेलं. बुढी रिक्षानं आली, बडग्याले पाह्यलं अन् मटकन भिंतीले टेकली.

"बाई, माहं लेकरू होय वं ते. कावळे टोचून राहिले त्याले. बाहेर काढ, जाळून टाक."

"मीबी हेच सांगाले गेली होती, बुढीमाय. माहं लेकरू होय म्हनून."

बुढीनं माह्या पोट्टीकडं पाह्यलं. गालावरचे वन पाह्यले. मंग तिले खाटेची दोरी दिसली, पोट्टीच्या कमरेले बांधलेली.

"हे कोनं बांधलं वं?"

"तुमच्या लेकानं."

ती तशीच रिक्षात बसून गेली. घरी काय झालं मले ठाऊक नाई, पन दुसऱ्या दिवशी कमेटीचा हातठेला आला, त्यावर सिमेंटचं झाकन. स्टॉक आला म्हने.

बडग्या मीच काढला, दुसरं कोन हात लावते? ओढत ओढत नाल्यापलीकडं नेला, अन् पोट्टीले बिनदोरीची संग नेली, शेजारीनबी आली. बुढी मागून आली, काठी टेकत. जळताना डोळ्यानं पाह्यल्याबिगर तिले चैन पडनार नोतं. कडबा ओला, पेट घेये ना, नुसता धूर. बुढी खोकून राहिली होती, गुडघे धरून उभी, अन् म्हने, "लवकर कर वं माय, घासलेट टाक नं जरासं." घासलेटची शिशी माह्या हातातच होती. मी थोडं थोडंच टाकलं.

शेजारीन हळूच म्हने, "बुढी पडन वं. पोतं टाकू काय बसाले?"

"राहू दे," मी म्हनलं.