राक्षसाचं काम

गोवा नुकताच राज्य झाला होता. लेकीला घेऊन मी डिचोलीहून पणजीच्या इस्पितळात जात असे. माझीच पुढे आलेली हनुवटी तिला मिळाली, याची टोचणी मला होती. वाढ पुरी झाल्याशिवाय जबड्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एव्हाना ती माणसांत बोलेनाशी झाली होती.

एकदा बाकावर शेजारी पेडण्याचा एक तरुण बसला. दातांना तारा, हनुवटी हिच्याहूनही पुढे. तो मान मागे टाकून खुशाल हसायचा. दशावतारी नाटकांत कामं करायचा.

"तारांनी दात सरळ होतत, पण ऑपरेशन होईसर हनुवटी आणखी फुडे दिसतली," तो लेकीला म्हणाला. "बरां झालां. औंदा सगळे राक्षस माकाच."

"आणि ऑपरेशन झाल्यावर?" तिने चक्क विचारलं.

"मगे राजा होतलंय. तवसर आताच्या राजाक बरो धोपटून घेतंय."

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "बाबा, शाळेच्या नाटकात शूर्पणखा व्हायला कोणीच तयार नाही. मी होते."

तिची माफी मागायला मी कधीपासून शब्द जुळवत होतो. ते तसेच राहिले. मी म्हटलं, "हो."